दोन टक्के उतार

हिमेना आर्चुलेटा, वय सव्वीस,
डेन्व्हरच्या एका गोदामाच्या पार्किंगला
कागदावर दोन टक्के उतार देते आहे,
पाणी साचू नये, पळूही नये म्हणून.

चार वर्षं ती हेच शिकली:
धावत्या पाण्याला थोपवायचं कसं,
बसवायचं, मुरवायचं.

पगार मात्र एक तारखेला येतो
नि पाच तारखेला
डांबरावरून ओघळल्यासारखा जातो.
कर्ज एकतीस हजार, व्याज साडेपाच टक्के,
"म्हणजे माझ्या पार्किंगपेक्षा तीव्र उतार,"
ती बापाला फोनवर सांगते.

प्वेब्लोत बाप नुकताच भट्टीवरून सुटलेला.
लेकीच्या पदवीचं नाव
त्याला अजून एका दमात घेता येत नाही.
विचारतो, "मग चुकलं का गं?"

ती वजाबाकी करते. हातचा धरते, सोडते.
गाडी नको. दुखरा दात पुढच्या वर्षी.
एकवीस हप्ते गेले, नव्याण्णव राहिले.

"झाडं किती लावलीस त्यात?"
"चौदा. मालकाने नऊ खोडली."
"आणि उरलेली?"
"हॅकबेरी. सावली पडायला वीस वर्षं.
तोवर फिटलेली असेन मी."

बाप जरा वेळ गप्प. मग म्हणतो,
"तेव्हा घे गाडी.
लावायला जागा झाली."