रिव्हर्सच्या आधी

कारखान्याच्या मागं, चिपाडाच्या ढिगाआड
तो बकेटवर हनुवटी टेकून पडला होता
डबक्यात म्हैस बसावी तसा.
पिवळा रंग राहिला होता
फक्त बॉनेटच्या आतल्या अंगाला.
मीटर अकरा हजार चारशे सहा तासांवर अडकलेला.
"त्यानंतर किती चालला?" मी विचारलं.
भूपाल चौगुले सुपारी कातरत म्हणाला,
"घड्याळ बंद पडलं म्हणून
माणूस म्हातारा व्हायचा थांबतोय व्हय?"
खरं बोलणारा विकणारा पहिल्यांदाच भेटला.
तिथंच फसलो.

इलाही शिकलगारला मी उद्यमनगरातनं
मोटरसायकलवर मागं बसवून नेलं होतं.
त्यानं इंजिन मारायला सांगितलंच नाही.
पोत्यावर उताणा पडून आधी खाली शिरला,
मधल्या सांध्यात पहार घातली, दाबली.
टक्.
कमरेतनं यावा तसा आवाज.
पुन्हा दाबली. टक्.
"सेंटर पिन गेलीय, बुशासकट. भोक लांबटलंय.
पुढचा हुपरीकडं बघतोय, मागचा कागलकडं."
मग तेलात बोट बुडवून हुंगलं,
"टॉर्क जळलाय," म्हणाला,
घरच्यांकडं न बघता डॉक्टर बोलतो तसं.

रेडिएटरच्या जाळीतनं चिपाडाची वीटच निघाली,
किती हंगाम दाबून बसलेली,
अजून गोडूस वास मारणारी.
सीटच्या स्पंजात मुंग्या.
आणि केबिनच्या पत्र्यावर खिळ्यानं मारलेल्या रेघा,
पाच-पाचाच्या जुड्या, दारापासनं छतापर्यंत,
खाली नाव: तातोबा, रातपाळी.

साडेचार मागितले.
इलाहीनं माझ्या चपलेवर पाय ठेवला.
तीन दहाला सुटला, वजनावर, भंगाराच्या भावानं.
शालनची भिशी त्याच महिन्यात लागलेली.
"सुरू होतोय का?" ती म्हणाली.
"होईल."
"होईल का विचारलं नाही मी."

आम्ही शिरोलीत फौंड्रीची जळकी वाळू उचलतो,
काळी, चहाच्या चोथ्यासारखी.
आत्तापर्यंत चार बायका, दोन गडी, खोरी,
आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नाकात तीच काळी रेघ.
म्हणून घेतला. दुसरं काही कारण नाही.
शालनला असंच सांगितलं.

पिन लेथवर नवी काढली. भोक गोल करायला
बोरिंगचं मशीनच शेडवर आणावं लागलं.
टॉर्क सांगलीच्या एका जुन्या धुडातनं.
हिशोबाची वही मी लपवली, तिनं शोधली,
मुकाट्यानं बेरीज दुरुस्त करून परत ठेवली.

एक दिवस सायकलवरनं म्हातारा आला, वळिवड्याचा.
"गेला ऐकलं. बघावा म्हटलं."
नाव सांगायच्या आधीच पायरी चढला,
डाव्या हातानं अशा जागी धरून
जिथं धरायला काहीच नव्हतं,
रंग तेवढा घासून गेला होता.
रेघांकडं बघितलंसुद्धा नाही.
"रिव्हर्स टाकला की लगेच रेटू नगा.
दोन श्वास थांबायचं. मग आपणहून जातोय."
इलाही हसला, "बाबा, टॉर्क बदललाय,
आता थांबायला लागत नाही."
"आसं?" म्हणाला तातोबा.
रिव्हर्स टाकला.
आणि थांबला.

अजून बरंच राहिलंय.
रात्री बकेट वर ठेवून जावं
तर सकाळी जमिनीला टेकलेलं असतं,
कधी टेकतं कुणी बघितलेलं नाही.
सिलेंडरचे सील दिवाळीनंतर,
मागचा डावा टायर देवाच्या भरवशावर,
मीटर मात्र मी मुद्दाम तसाच ठेवलाय.

आज वाळू भरून मागं घेताना
गिअर झटक्यात लागला
आणि माझा पाय उगीच हवेत राहिला,
एक,
दोन.
आरशात शालन, पदर नाकाला, हात वर,
ये, ये, अजून ये,
बास.