अठरा अंश

भांडुप, गाळा क्रमांक चौदा, रात्री पावणेतीन.
निर्वात पेटीचा पंप घोरतोय
आणि आत, जेवणाच्या डब्याएवढा आमचा उपग्रह
दीड तासाचा दिवस जगतोय:
पंचावन्न मिनिटं ऊन, पस्तीस मिनिटं काळोख,
पुन्हा ऊन.

त्याचा डोळा उष्णता पाहणारा.
पण डोळ्यालाही अंग असतं, अंगाला ऊब,
आणि पहिल्या चाचणीत त्याला दिसलं
ते स्वतःचंच तापलेलं अंग.
चित्राच्या कडेने पांढरं कडं, मधे सगळं धुरकट.
तापाने फणफणलेल्याने
दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून
काय सांगावं?

हीटर लावावा तर वीज नाही.
अख्ख्या उपग्रहाला मिळून तीन वॅट.
पंखा लावावा तर वारा नाही.
सुहृद म्हणाला, गणित बघ.
मी गणित बघत होते
आणि मला पावाचा वास येत होता.

भिंतीपलीकडे परकार बेकरी.
परकारचाचा मूळचे दाभोळचे,
भट्टीच्या तोंडाशी कोपर धरून ताप मोजणारे.
"जाळ केव्हाच ओढून काढला," म्हणाले,
"आता विटा भाजतात.
मी फक्त त्यांच्या मधे येत नाही."
ब्रून हातात घेऊन मी तशीच उभी.
चहा निवून गेला.

मग अठरा अंशांना वितळणारं मेण आणलं,
अ‍ॅल्युमिनियमच्या पोळ्यात भरलं
(मधाच्या जागी मेण, मेणाच्या जागी धातू),
त्यावर डोळा बसवला.
काचतंतूचे चार बारीक पाय,
उष्णतेला चालत यायला अवघड वाट.
तांब्याची एक वेणी थेट पांढऱ्या पत्र्यापर्यंत,
जो सूर्याकडे कायम पाठ करून
काळ्या आभाळाकडे बघेल.
वर चंदेरी झिल्लीचे वीस पदर,
एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे जाळी,
साडीच्या घडीत कागद घालतात तशी.

पहिल्यांदा मेण गळलं.
स्क्रूच्या आट्यांतून थेट पंपाच्या तेलात.
चार दिवस पुसत बसलो.

आणि आज पडद्यावर: अठरा.
बाहेरची भिंत पन्नासवर गेली. अठरा.
आत मेण वितळतंय,
आलेला ताप त्या वितळण्यातच जिरतोय,
आकडा तसूभर हलत नाही.
सावली आली. मेण गोठू लागलं,
घेतलेलं हळूहळू परत देत.
अठरा.
सुहृद खुर्चीतच झोपलेला.
काहीच घडत नाहीये, हे दाखवायला
माणसाला कसं उठवायचं?

पुढच्या जानेवारीत, रात्री दीडला, तो मुंबईवरून गेला.
खाडी कोमट. राष्ट्रीय उद्यान गार.
विहार आणि तुळशी, दिवसाची ऊब धरून बसलेले दोन उजळ डाग.
कचऱ्याचा डोंगर आतून धुमसणारा.
आणि भांडुपला एक ठिपका
आजूबाजूपेक्षा दीड अंशाने उजळ.
त्या एका ठिपक्यात आमचा गाळा, जिना, पिंपळ,
बंद पडलेली पिठाची गिरणी आणि भट्टी.

गाळ्यात प्रिंटर होता तो बिलांचा.
त्यावरच चित्र काढलं, पलीकडे नेलं.
चाचांनी चष्मा पुसला.
"हा मी?"
"तुम्ही, आम्ही आणि पिंपळ."
"पिंपळाला कशाला घेतलंत?"
आणि पिठाच्या अंगठ्याने दाबून
कागद भट्टीच्या तोंडावर चिकटवला.

बिलाचा कागद तो, उष्णतेने काळा पडणारा.
वर्षभर मी उष्णतेपलीकडे काही बोलले नव्हते
आणि एवढं सांगायचं राहिलं.

गुरुवारी पाव आणायला गेले,
तर खाडी नाही, उद्यान नाही, दोन्ही तलाव गेलेले,
सगळी मुंबई एकसारखी काळी
आणि तिच्यावर पिठाचा एक अंगठा.
मी दुसरं काढून देते म्हटलं.
चाचा पाव मोजत होते. वर न बघता म्हणाले,
"रात्रीचंच आहे ना?
मग बरोबर आहे."