जुळंना

मिरजेत, किल्ल्याच्या रस्त्याला माझं सेवा केंद्र.
दहा बाय आठ. दोन संगणक, त्यातला एक
रोज सकाळी विचारतो, अपडेट आता करू की रात्री?
मी म्हणते, रात्री.
तो दुपारी एकला, बाहेर अकरा माणसं उभी असताना
स्वतःच मिटतो, आणि वर मलाच सांगतो,
कृपया संगणक बंद करू नका.

मी कुठं केला?

सलगऱ्याच्या इंदाबाईंना वाटतं सर्व्हर म्हणजे कुणी साहेब.
"आला का ओ त्यो?"
नाही मावशी, अजून डाऊन आहे.
त्या पायरीवर बसून फडकं सोडतात, भाकरी खातात,
हात धुऊन येतात तोवर पान उघडतं.
"म्हटलं नव्हं, त्यालाबी भूक लागली आसंल."

फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे.
म्हणजे आधी मागची भिंत कापायची, मग खांदे,
मग कानांच्या कडेकडेनं. तरी बावन्न.
मग माणूसच थोडा पुसट करायचा.
घेतात मग.

काल दस्तगीरचाचा आले. तंबोरे करणारे.
मानधन थांबलंय, हयातीचा दाखला हवा.
अंगठा ठेवला. ठसा जुळत नाही.
पुसून ठेवला. जुळत नाही.
खोबरेल लावलं, ओल्या रुमालानं टिपलं,
शेवटी मीच त्यांचा हात हातात घेऊन दाबून धरला.
मशीनचा लाल दिवा आम्हा दोघांकडं बघत राहिला.
पन्नास वर्षं तारा ओढून, लाकूड घासून
बोटांवरच्या रेघा निघून गेल्या होत्या.
चाचा अंगठा उजेडात धरून शोधत होते,
जशी ती आत्ताच इथं कुठंतरी पडली असावी.

माणूस समोर खोकतोय, बशीतनं चहा पितोय,
आणि पडद्यावर:
हयात असल्याची खात्री होऊ शकली नाही.

"जुळंना म्हंजे जरा थांबायचं," चाचा म्हणाले.
नवी तार लगेच ऐकत नाही. ताणते, उतरते,
रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी परत पिळायची.
मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
एका जागी ती आपणहून बोलायला लागते.
"तुमच्या मशीनला धागा कुठं घालायचा?"

मी हसले, तेवढ्यात सेशन संपलं.
पुन्हा लॉगिन. पुन्हा ओटीपी. पुन्हा ते चौकोन,
ज्यात सिग्नल आहेत ते निवडा.
खांब सिग्नलमध्ये धरायचा का,
हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

बाहेर त्यांचा नातू समीउल्ला
मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून उभा.
हवी ती पट्टी, चार तारा, मधेच साड्यांच्या सेलची जाहिरात.
चाचा कान देऊन ऐकत राहिले. जाहिरातसुद्धा ऐकली.
"सूर खरा आहे," म्हणाले.
"दमत न्हाई, तेवढंच."

डोळ्यांचं मशीन सांगलीला असतं, सोमवार आणि गुरुवार.
मी चिठ्ठीवर लिहून दिलं.
ती त्यांनी तारांच्या पुडीत घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी लाईट बिल भरायला बसले
तर माझाच पासवर्ड आठवेना.
गुप्त प्रश्न: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव?
खरं नाव लिहिलं. चूक.
तेव्हा घाईत काय खोटं लिहिलं होतं
हे आता फक्त त्यालाच माहीत.
कीबोर्डवरचा 'एन' कधीचा पुसलाय,
बोट मात्र चुकत नाही.

आज गुरुवार. दुपारी चाचांचा फोन.
"डोळा जुळला पोरी!"
वा.
"पण त्ये विचारत्यात, शेख का शिकलगार?
आधारवर एक हाय, पासबुकावर दुसरं."
मग?
"मग काय. दोन्ही मीच की."

उद्या या म्हटलं, दोन्ही कागद घेऊन.
नऊच्या आत या.
तेव्हा तो जागा असतो.