लांब फांदी

आधी माकडं गप्प झाली.
कॉफीच्या मळ्यावरचा आर्नो क्युस्टर म्हणाला,
"पहाटे त्यांच्या घशातून डोंगर घुमायचा,
आता कोंबडा एकटा पडलाय."

मग पिशव्या येऊ लागल्या, बर्फात.
चिठ्ठीवर ओढ्याचं नाव, तारीख,
'मादी, पोटाशी पिल्लू.'
जुसेलिया यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा वाटते
आणि यंत्र रात्रभर वाचत बसतं
चार अक्षरांत लिहिलेली पोथी,
कुणालाच न उद्देशून.

नकलताना हात चुकतो.
पुढचा ती चूक इमानाने उतरवतो,
मक्षिकास्थाने मक्षिका,
वर स्वतःची एखादी घालतो.
हे पाठभेद लावत ती माग काढते:
हा दोसे नदीकाठचा,
हा त्याचा धाकटा, घाट उतरून आलेला,
ही आतेबहीण, कुठे नांदते कळत नाही.

शहरात लोक माकडांना दगड मारतायत.
रोज फोन: किती मारली म्हणजे साथ थांबेल?
"अहो, ती मेली म्हणून आपल्याला कळलं."
पलीकडे शांतता. मग तोच प्रश्न.

गुरुवारी पडद्यावर झाड उभं राहिलं.
फांद्या आखूड, एकीला बिलगून एक,
एकच लांब.
सतरा चुका एकदम.
इतकी मोठी ढांग विषाणू टाकत नाही.
मधे कितीतरी माकडं गेली असणार, कितीतरी डास,
अख्खा एक उन्हाळा,
आणि पिशवी एकही नाही.
लांब फांदी म्हणजे
जिथून कुणी काही पाठवलं नाही.

तिने नकाशावर बोट ठेवलं.
दोन टिंबांमधली ती मोकळी दरी
तिला तोंडपाठ होती:
तीन वळणं, एक चर्च,
मॅनिऑकच्या पिठाची बंद गिरणी, बाबा.

"पुरली की फणसाखाली," बाबा म्हणाले,
"चार. का पाच. वास सुटला होता.
सांगायचं होतं होय कुणाला?"
मागे चुलीवर काहीतरी उतू जात होतं.
"आणि गिरणीवाला वान्देर्लिनो, तो तापाने गेला तेव्हाच.
पिवळा पडला होता. दारू, म्हणाले डॉक्टर.
प्यायचा कुठे तो?"

जुसेलियाने पेन्सिलीने एक टिंब काढलं,
पोकळच ठेवलं.
"बाबा, लस घेतली होती तुम्ही?"
"कसली?"
वाफेवर झाकण खडखडलं.
"औंदा फणस मात्र भारी धरलाय."

"सैल बाहीचा सदरा घालून बसा," ती म्हणाली.
"उद्या येते."