उणे दोन

बाहेर रात्री अडीचला अडतीस,
आत उणे दोन.
मध्ये दोन दारं. ती एकदम कधी उघडू द्यायची नाहीत,
एवढंच माझं काम.
ओळखपत्रावर छापलंय: मुश्ताक सारंग, चिलर.
मी आणि यंत्र, मध्ये एक स्वल्पविराम.

बर्फाशी नातं जुनं.
हर्णैला अब्बांचा बर्फाचा कारखाना नव्हता,
कारखान्यात अब्बा होते.
आकड्यानं लादी ओढायची, गोणपाटात गुंडाळायची,
मोगरीनं फोडायची: दोन हलके, एक जोरात.
मग होडीच्या पोटात
एक थर बर्फ, एक थर सुरमई,
एक थर बर्फ, एक थर पापलेट.
उन्हाळ्यात कुणाच्या मय्यतीलाही तिथूनच लादी जायची.
बर्फ मेलेल्यांसाठी असतो
अशी माझी लहानपणी खात्रीच होती.

दुबईत पहिल्या दिवशी काचेआड पाहिलं
तर बर्फावरून कुणीतरी चालत होतं.
एकवीस पेंग्विन,
लग्नघरी फार लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखे,
हातांचं काय करावं ते न सुचून उभे.

मारिवेल त्यांना नावानं हाका मारते,
मी पंखावरच्या पट्टीच्या रंगानं ओळखतो.
दक्षिण ध्रुव त्यांतल्या एकानंही पाहिलेला नाही.
तरी आतले दिवे तिकडच्या सूर्यावर चालतात:
जूनमध्ये शहर भाजून निघतं
तेव्हा यांच्याकडे दुपारीच कातरवेळ.
मला हसू आलं होतं.
मग खोलीवर गेलो, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
दीड तास पुढं. हर्णैची वेळ.
सात वर्षं झाली, कुणी बदललं नाही.

ऑगस्टमधली ती रात्र.
एक कॉम्प्रेसर बसला, दुसऱ्यानं त्याचं पाहून मान टाकली.
उणे दोन. शून्य. तीन.
शिहाब फोनवर ओरडतोय, मॅनेजर विमानात.
पाच.
पक्ष्यांनी आवाज केला नाही.
सगळे जाऊन वाऱ्याच्या जाळीखाली उभे राहिले, चोची वर करून.
थंडी कुठून येते
हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

कंपनीच्या जाड पुस्तकात यावर पान नव्हतं.
मी मासळीबाजारातल्या बर्फवाल्याला उठवलं.
चार वाजता पिकअप आली, चाळीस लाद्या,
ताडपत्रीखाली कालच्या कोळंबीचा वास.
मोगरी नव्हती, पाइप रेंच घेतला.
गोणपाट नव्हतं, अंगातलं जाकीट काढलं.
दोन हलके, एक जोरात.
दोन हलके, एक जोरात.
हात माझे, लय माझी नव्हती.
एक थर बर्फ,
एक थर

आणि फावडं थांबलं.
ते सगळे उभे होते. बघत होते.
एकानं शिंक दिली.

पावणेसहाला यंत्र धडधडलं.
मी बर्फातच बसलो होतो, बूट भिजलेले,
तेव्हा निळ्या पट्टीवाला आला
आणि माझ्या पायाशी एक खडा ठेवून गेला.
घरट्यासाठी देतात ते, मारिवेल म्हणाली,
फार फुशारू नकोस, शेजारणीचा चोरून आणलाय.
खडा मी परत जागेवर ठेवला.
जरा वेळानं.

बाहेरच्या दारात चष्म्यावर धुकं चढलं,
त्या आंधळेपणातच घरी फोन लावला.
तिकडे सव्वासात, अब्बा चहावर.
सगळं सांगितलं.
"किती गेले?"
एकही नाही.
पलीकडे बराच वेळ नुसती बशी वाजली.
"लाद्या किती?"
चाळीस.
"भाव काय लावला?"
सांगितला.
"लुबाडलं तुला," अब्बा म्हणाले,
"आणि जाकीट वाळत घाल आधी."