पाळीवरून

पोळा सरला. मारबत गावाबाहेर गेली.
आठ दिवस पावसानं दडी मारली, म्हणून
तुडूम उघडून पाणी धानाच्या बांध्यांना दिलं;
तशी तलावाच्या शेपटाकडे
चिखलाची एक पट्टी उघडी पडली,
मऊ, बोटाचा ठसा धरून ठेवणारी.

एवढ्याशा पट्टीसाठी कुणी
डोंगर ओलांडून येत असेल
हे तीन वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं.
माझं काम गुरांचं.
खुरकुताची लस, आणि कानात पिवळा बिल्ला:
बारा आकडे, मोबाईलमध्ये नोंद,
पुढची गाय.

पाळीवर डोमाजी वलथरे बसलेला असतो,
मांडीवर जाळं, डोळ्यांत मोतीबिंदू.
मी दुर्बीण लावते आणि चुकते.
तो मान कलती करतो.
"तीनदा बोलला ना? थो हिरव्या पायाचा.
आनि हा रडत रडत उडला, थो शेपूटहालव्या."
टिलव्यांचा बारीक आवाज मात्र
आता त्याच्या कानात शिरत नाही.
ते मी सांगते.
सतरा. अठरा. नाही,
एक ढेकूळ होतं.

आज एक ठिपक्यांचा तुतवार
अंगाएवढ्या पाण्यात उभा, चोचीनं टाके घालत.
पाय उचलला तेव्हा दिसलं:
गुडघ्याच्या वर पिवळी चकती.
श्वास धरून वाचलं. सात.
मग शून्य, की आठ?
मग

सोनवान्यांची म्हैस सरळ पाण्यात शिरली.
कानात बिल्ला. मीच मारलेला.
सगळा थवा उठला, वळला,
पोटं एकदाच लखलखली
आणि पळसांच्या मागे विझली.

"काय होतं जी त्याच्या पायात?"
बिल्ला, म्हटलं. नंबर.
डोमाजीची सुई थांबली.
"मंग तिकडं बी तुमच्यासारखी बाई हाये म्हना."
आणि थोड्या वेळानं, अगदी गंभीरपणे,
"लस टोचते का थे?"

हसले. पण ती बाई डोक्यातून जाईना.
कुठल्या थंड दलदलीत, बाही कोपरापर्यंत चिखलानं भरलेली,
दोन बोटांत तो धडधडता जीव.
चकती लावण्याआधी हात क्षणभर थांबतो,
तिचाही थांबला असेल.
मी कानाला धरते तेव्हा माझा थांबतो,
नोंदीत त्याला रकाना नाही.

वहीत लिहिलं: भाद्रपद, चतुर्थीच्या आधीचा दिवस,
तुतवार एक, पिवळी चकती, सात,
पुढचं कोरं.
गाय असती तर तालुक्यानं
अर्ज परत पाठवला असता.

ऊन कलंडलं. म्हैस अजून पाण्यातच,
नाक तेवढं वर.
मी दुर्बीण पुसून पिशवीत टाकली,
आभाळ रिकामं होतं, चहूकडून पाहिलं.
"थांबा," डोमाजी म्हणाला,
"वापस येऊन राह्यले."