पत्र्यातली अक्षरं

मार्केट यार्डाच्या मागल्या फाटकाला माझी टपरी.
पत्रा, छिन्नी, कानस, निळ्या रंगाचा डबा.
तीस वर्षं एकच शब्द कोरतोय,
को-ल्हा-पु-री.
खोक्यावर पत्रा ठेवायचा, बोळा फिरवायचा,
झाला गूळ कोल्हापूरचा.

अवघड जागा क ची.
पोट सगळं कापलं तर मधला तुकडा निसटतो,
अक्षराचं नुसतं भोक उरतं.
म्हणून एक बारीक दांडी ठेवायची, न कापता.
माझी दांडी जरा तिरकी असते.
का, ते कुणी विचारलं नाही.
अब्बांचीही तिरकीच होती.

गेल्या मंगळवारी यार्डात बैठक झाली.
वकील आलेले, चष्मा कपाळावर.
म्हणाले, नाव ही मालमत्ता आहे,
जमिनीला सातबारा, तसं नावाला मानांकन.
बाहेरच्यानं लावलं तर चोरी.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, रंगलेल्या हातांनी.

मागं सिदगोंडा उठला.
वडणग्याच्या गुऱ्हाळावर बावीस हंगाम गुळव्या.
भेंडीचं पाणी कधी टाकायचं, काहील कधी उतरायची,
रटरटण्याच्या आवाजावरनं सांगणारा.
"सायेब, मी चिकोडीकडचा.
ऊस हितला, पाणी पंचगंगेचं, हात तिकडला.
गावाकडं जाऊन भावाच्या गुऱ्हाळात
ह्याच हातानं ढेप पाडली, तर तिला काय म्हणायचं?"
"नियमात बसणार नाही," वकील म्हणाले.
"बरं," म्हणाला सिदगोंडा,
आणि खाली बसून तंबाखू मळायला लागला.

उत्तर बरोबरच असणार.
कारण मी बघितलंय,
साखर घातलेल्या गुळाची अख्खी गाडी
इस्माईल बागवानानं दारातनं परत लावली होती,
पोरीच्या लग्नाच्या साली, हातात पैसा नसताना.
नाव असंच बनतं,
परत लावलेल्या गाड्यांचं.
ते उद्या कुणीही फुकट उचलून न्यावं?

पण मग ही रात्र का सरत नाही?

सुरतेहून भाचीनं फोटो पाठवला.
"मामू, आपल्याकडचा गूळ इथं मिळतो!"
पांढराफटक, पिठूळ,
यार्डात कुणी हात लावला नसता असा.
खोक्यावर निळी अक्षरं.
फोटो बोटांनी मोठा केला.
क च्या पोटात दांडी,
तिरकी.

कुठल्या साली, कुणाला दिला तो पत्रा,
आठवत नाही.
मी पत्र्याचे पैसे घेतले होते,
नावाचे घेतले नव्हते,
असं स्वतःला समजावतोय.
भाचीनं खाली लिहिलंय,
पोरं आवडीनं खातात.

आज सकाळी एकजण आला.
पन्नास पत्रे पाहिजेत, पावती नको,
माल कुठं जातो ते विचारायचं नाही.
मी होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.
छिन्नी घेतली, क काढला,
दांडी ठेवलीच नाही.
मधला तुकडा टणकन फळीवर पडला,
चिंचोक्याएवढा.

भोकातनं त्याच्याकडं बघितलं.
तो हसला.
"चालतंय की मामू,
लांबनं कोण वाचतंय?"